जनांतिक

मागच्या दिवाळीत आमच्या धानोऱ्याच्या घरी पुण्याहून चिरंजीव, सूनबाई आणि नात अशी मंडळी आली होती. येताना त्यांनी चकल्यांचा डबा आणला, माझ्यासाठी एक लोकरी टोपी आणली, आणि नातीने आणला आपला संगणक. "आजोबा, तुम्ही जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलंत ना? मग हे बघाच," असे म्हणून लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी तिने मला एका अमेरिकन मालिकेपुढे बसवले. आमच्या भागातल्या इंटरनेटची चाल तिला ठाऊक असल्याने सगळे भाग तिने आधीच उतरवून आणले होते.

मालिकेचे नाव 'हाऊस ऑफ कार्ड्स', म्हणजे आपला पत्त्यांचा बंगला. ही मालिका २०१३ ते २०१८ या काळात आली. मूळ कथा मायकेल डॉब्ज या इंग्रज लेखकाची. १९८९ साली त्याची कादंबरी निघाली, १९९० साली बीबीसीने तिच्यावर मालिका केली, आणि पुढे अमेरिकनांनी तो सगळा कारभार लंडनहून उचलून वॉशिंग्टनला नेला. तिचा नायक फ्रँक अंडरवूड हा पक्षाचा प्रतोद. निवडणूक जिंकली की तुला परराष्ट्रमंत्री करू, असे वचन त्याला मिळालेले असते. ते मोडले जाते आणि गडी पेटून उठतो. याला चढव, त्याला पाड, एकाचे व्यसन हाताशी धर, दुसऱ्याचे गुपित राखून ठेव, असे करीत करीत तो आधी उपाध्यक्ष होतो आणि मग अध्यक्ष. वाटेत दोन माणसांचे जीवही घेतो. आणि गंमत अशी की, या दोन्ही पदांवर तो चढतो तेव्हा त्या पदासाठी त्याला जनतेचे एकही मत पडलेले नसते.

आता खरे सांगायचे तर मला हा माणूस आवडू लागला. त्याचे कारण त्याची एक लकब. समोरच्याशी गोड बोलता बोलता तो मध्येच मान वळवून थेट आपल्याकडे पाहतो, आणि त्या बिचाऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने आपल्या मनातला डाव आपल्याला सांगतो. युक्ती जुनीच, शेक्सपियरचा तिसरा रिचर्डही प्रेक्षकांना असाच विश्वासात घेतो. पण तिची जादू अजून उतरलेली नाही. एवढा मोठा माणूस, सगळ्या वॉशिंग्टनला फसवतो, आणि खरे काय ते सांगतो फक्त मला, धानोऱ्याच्या एका निवृत्त मास्तराला! मला गुदगुल्या झाल्या. त्याचा एखादा डाव साधला की मी मांडीवर थाप मारून हसू लागलो.

तिसऱ्या दिवशी नातीने मालिका थांबवली. म्हणाली, "आजोबा, तो त्या माणसाला बुडवतोय आणि तुम्ही हसताय."

"अगं, नाटक आहे ते."

"नाटक आहे हे मलाही कळतं. पण तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?"

मी चष्मा पुसू लागलो. मास्तराला उत्तर सुचले नाही की तो चष्मा पुसतो, हे वाचकांनी आपापल्या शाळेत पाहिलेच असेल.

त्या रात्री मी उत्तर शोधू लागलो. पहिले उत्तर सोपे होते: महत्त्वाकांक्षा वाईट. पण ते मलाच पटेना. जंगलातल्या टोल्यावरून चार मैल चालत शाळेत येणाऱ्या पोराला मी तीस वर्षे दुसरे काय सांगितले? 'मोठा हो, पुढे जा' हेच ना! त्यांतली काही पोरे डॉक्टर झाली, काही तहसील कचेरीत बसली, आणि त्यांना तिथे पाहून माझी छाती फुगली. महत्त्वाकांक्षा नसती तर आमच्या झाडीतल्या पाट्या कोऱ्याच राहिल्या असत्या. दुसरे उत्तर साध्य आणि साधन यांचे. साध्य चांगले असले तरी साधन शुद्ध हवे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. उत्तर खरे आहे. पण ते फार लांबचे वाटते. तुम्हांआम्हांवर कुणाला रेल्वेखाली ढकलण्याची वेळ कधी येते? म्हणून अंडरवूडला पाहून आपण मनात म्हणतो, 'बापरे, काय हा दुष्टपणा!' आणि सुटल्यासारखे वाटून फराळाचे ताट पुढे ओढतो.

मला वाटते, खरी गाठ त्या मान वळवण्यात आहे. संस्कृत नाटकात तिला एक सुरेख नाव आहे, जनांतिक. रंगभूमीवर तिघे उभे असतात. त्यांतल्या एकाला वगळून दोघांना बोलायचे असते. बोलणारा हाताची तीन बोटे उभी धरतो आणि एक वाकवतो. या हाताला त्रिपताक म्हणतात. त्या हाताच्या आड जे बोलले जाईल ते तिसऱ्याला ऐकू येत नाही, असे सर्वांनी मानायचे. नाटकापुरता हा संकेत मोठा सोयीचा आहे. पण रंगभूमीवरून उतरून तो संसारात आणि राजकारणात शिरतो तेव्हा काय होते? ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे त्यालाच तेवढे ते ऐकू येत नाही. बाकी सगळ्या जगाला येते.

आपल्या महाराष्ट्राकडेच पाहा. १९७८ च्या जुलैत वसंतदादा पाटलांचे सरकार आतूनच फुटून पडले आणि शरद पवार मुख्यमंत्री झाले, तेव्हापासून 'पाठीत खंजीर' हा शब्दप्रयोग आपल्या वर्तमानपत्रांत कायमचा मुक्कामाला आला. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी महाराष्ट्र झोपेतून उठतो न उठतो तोच राजभवनावर देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी उरकलाही होता. ते सरकार चौथ्या दिवशी कोसळले. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेनेचे आमदार रातोरात सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले. तिथून एका आमदाराने फोनवर तिथल्या झाडीचे आणि डोंगराचे असे काही कौतुक केले की सारा महाराष्ट्र हसला. आम्ही तर झाडीपट्टीतलेच. आम्हीही पोट धरून हसलो. पुढे २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादीची पाळी आली.

यांत कोण बरोबर आणि कोण चूक हा वाद मला उकरायचा नाही. दिवाळीच्या ताटावर तो विषय नकोच. ज्याने त्याने आपापली कारणे दिली आहेत आणि त्यांतली काही खरीही असतील. मला आठवतो तो आमच्या बसथांब्यावरचा चहाचा ठेला. या प्रत्येक वेळी तिथे एकच शब्द ऐकू येई: खेळी. 'काय खेळी केली!' जो फोडतो त्याला आपण चाणक्य म्हणतो. आपण दिलेल्या मताचे काय झाले, हा प्रश्न दुसऱ्या चहाला निघतो, आणि तोवर बस येते. कुणीतरी आपल्याला आतली गोष्ट सांगावी, म्हणजे आपण फसवले गेलो याचे दुःख उरत नाही. उलट, आपल्याला डाव कळला याचाच आनंद होतो. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनी १९७९ साली 'सिंहासन' हा चित्रपट काढला. त्यातला दिगू टिपणीस हा वार्ताहर मला म्हणूनच त्यातल्या मंत्र्यांहून महत्त्वाचा वाटतो. त्याला सगळ्या गाद्यांखालचे ठाऊक असते. आता आपण सगळेच दिगू टिपणीस झालो आहोत. फक्त त्याला होणारा त्रास आपल्याला होत नाही.

आणि याच आमच्या मुलखात मी जनांतिक मोडलेलेही पाहिले आहे. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे या नाटकमंडळ्यांचे माहेर. कुठे मंडई, कुठे शंकरपट. गावोगाव मांडव पडतात आणि रात्री सुरू झालेले नाटक कोंबडा आरवेपर्यंत चालते. याच रंगभूमीची सेवा करणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हां सर्वांनाच मिळाल्यासारखे वाटले. तर बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका नाटकात खलनायक भोळ्या भावाच्या खांद्यावर हात ठेवून गोड बोलत होता. मध्येच तो आमच्याकडे वळला आणि मिशीला पीळ देत म्हणाला की, उद्या याची जमीन माझी. आम्ही शहाणे लोक मजेत ऐकत होतो. इतक्यात घोंगडीवर बसलेली एक म्हातारी ताडकन उठली आणि नायकाला ओरडून म्हणाली, "नको आयकू त्याचा, बापू! लबाड आहे तो!"

मांडव हसला. मीही हसलो. ती बाई अडाणी, तिला नाटकाचा संकेत कळत नाही, असे मी शेजाऱ्याला म्हणालोही. आज मला वाटते, त्या मांडवात नातीच्या प्रश्नाचे उत्तर देणारी ती एकटीच होती. तिला गुपित सांगितले गेले आणि तिने ते ज्याचे त्याला पोहोचते केले.

आता मला स्वतःचे सांगितले पाहिजे.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका शाळेत आम्ही दोघे शिक्षक होतो. मुले त्यांना थोरले गुरुजी म्हणत आणि मला धाकटे. मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली. सेवाज्येष्ठतेने ती त्यांची होती. संस्थेच्या एका कारभाऱ्यांनी मला सहज म्हणून घरी बोलावले, चहा दिला आणि विचारले, "काय हो, माणूस कसा आहे? मोकळेपणाने सांगा. आपल्या दोघांतच राहील."

मी म्हणालो, "माणूस फार चांगला आहे. मागे एकदा फीच्या पैशांत थोडी तूट आली होती, एवढंच. पण लगेच भरली त्यांनी."

यातला शब्दन् शब्द खरा होता. जे मी सांगितले नाही तेही मला ठाऊक होते. वर्गातले एक पोर तापाने फणफणले होते, बाप मजुरीला दूर गेलेला, आणि थोरल्या गुरुजींनी हाताशी होते ते पैसे उचलून त्याला गडचिरोलीला दवाखान्यात नेले होते. आठवड्याच्या आत स्वतःच्या पगारातून त्यांनी रक्कम भरली. हे मी का सांगितले नाही? कारण मला कुणी विचारले नाही, असे मी पुढे बरीच वर्षे स्वतःला सांगत होतो. मी मुख्याध्यापक झालो. थोरले गुरुजी वर्षभरात दुसरीकडे निघून गेले. निरोपसमारंभात त्यांच्यावर सर्वांत चांगले भाषण मी केले.

धर्मराजाची गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल! 'अश्वत्थामा मेला' हे मोठ्याने आणि 'नरो वा कुंजरो वा' हे हळू. बोलला ते सगळे खरेच होते. तरीही जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. पोरे विचारीत, "गुरुजी, खरं बोलला तरी शिक्षा का?" मी उत्तर देई की, आवाज लहान केला म्हणून. उत्तर मला येत होते. फक्त ते माझ्याविषयी आहे हे अंडरवूडने माझ्याकडे मान वळवीपर्यंत ध्यानात आले नाही. त्याच्याइतका पराक्रम माझा नव्हता. पण ओळख जुनी होती, म्हणून तर तो मला इतका आवडला!

मंडळी पुण्याला परतली. मार्गशीर्षात मी आरमोरीची वाट धरली. थोरले गुरुजी तिथे मुलाकडे असतात, एवढे मला ठाऊक होते. धानोऱ्याहून गडचिरोलीला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसलो. धान निघून गेले होते. बांध्या मोकळ्या पडल्या होत्या आणि जागोजाग पुंजणे उभे होते. गाव सुटून थोडे पुढे जातो न जातो तोच मेंढ्याचा फाटा आला.

मेंढा (लेखा) हे नाव वाचकांनी ऐकले असेल. सुमारे शंभर घरांचे हे गोंडांचे गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' अशी यांची घोषणा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ती दूरवर गेली. २००९ साली या ग्रामसभेला सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः इथे आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिले. २०१३ साली गावाने आपली जमीन ग्रामसभेच्या नावे करून ग्रामदान केले. पण मला या सगळ्याहून मोठी वाटते ती त्यांची निर्णय करण्याची रीत. तिथे हात वर करून बहुमत मोजत नाहीत. सर्वांना पटेल तेव्हा निर्णय. एकाचाही विरोध राहिला तर विषय पुढच्या सभेला. मग पुन्हा बोलायचे, पुन्हा ऐकायचे.

नागरिकशास्त्राचा मास्तर म्हणून मला ही रीत पूर्वी भाबडी वाटे. असे किती दिवस चालायचे? गाव चालेल, देश कसा चालेल? हा आक्षेप अजूनही खोटा नाही. कोट्यवधी माणसांना एका वडाखाली बसवता येत नाही. आणि मेंढ्याची माणसेही माणसेच आहेत, त्यांच्यातही रुसवे आणि हेवेदावे असणारच. गुप्तता मुळातच वाईट, असेही मला म्हणायचे नाही. मतपत्रिका गुप्त असते म्हणून तर दुबळा माणूस दांडग्याच्या नजरेतून सुटतो. ती गुप्तता दुबळ्याची ढाल आहे. माझी आणि कारभाऱ्यांची गुप्तता नेमकी उलटी होती. तिथे आम्हां दोघांच्या हाती अधिकार होता आणि ज्याचे नशीब ठरत होते तो बाहेर वर्गात पाढे म्हणून घेत होता.

एसटीत बसून मी एक खेळ केला. तोच चहा, तेच कारभारी, तोच प्रश्न. पण थोरले गुरुजी समोर बसलेले. "मागे एकदा तूट आली होती," असे मी म्हणालो असतो का? म्हणालो असतो तर ते लगेच सांगते, "होय, त्या पोराला नेले होते," आणि मला मान डोलवावी लागली असती. वाक्य तेच, पण ते ऐकायला तो माणूस हजर असता तर त्यातले विष उतरले असते. मेंढ्याच्या सभेचा एवढाच अर्थ मी माझ्यापुरता घेतला: ज्याच्याविषयी बोलायचे तो ऐकत असला पाहिजे. महत्त्वाकांक्षेला यात मज्जाव नाही. 'ही जागा मला हवी आहे' असे मी थोरल्या गुरुजींच्या तोंडावर म्हणू शकलो असतो. लाज वाटली असती खरी, पण पाप झाले नसते.

हे सगळे लिहून छापायला दिले की झाले, असे एकदा मनात आले होते. दिवाळी अंकात कबुली दिली की पुष्कळ हलके वाटते म्हणतात. पण मग लक्षात आले, की तेही जनांतिकच! अंडरवूडही सगळे कबूल करतो, मात्र तुम्हांआम्हांपाशी. वाचकहो, तुम्ही मला क्षमा केली असती, कदाचित कौतुकही केले असते, आणि थोरल्या गुरुजींना पुन्हा ऐकू आले नसते.

ऐकू येण्यावरून आठवले. आरमोरीला पोहोचलो तेव्हा थोरले गुरुजी ओसरीत उन्हात बसले होते. मला ओळखून आनंदले. पण आता त्यांना कानांनी फार कमी ऐकू येते. मी सगळी वाट हळू आवाजात बोलायची तयारी करीत आलो होतो. सुरुवात केली. त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हणता जी? मोठ्यानं बोला."

मी मोठ्याने बोललो. त्यांना पुरेसे ऐकू गेले नाही. मी आणखी मोठ्याने बोललो. शेजारच्या अंगणात सुपाने धान पाखडणारी बाई थांबली. रस्त्यावरची दोन पोरे कुंपणाशी येऊन उभी राहिली. फीचे पैसे, तापाने फणफणलेले पोर, कारभाऱ्यांचा चहा, सगळे मी ओरडून सांगितले. आयुष्यात वर्गाबाहेर इतक्या मोठ्याने मी कधी बोललो नव्हतो.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले, आता एक तर ते मला जायला सांगतील, नाही तर 'जाऊ द्या हो, जुनी गोष्ट' असे म्हणतील. दुसऱ्याचीच मी मनातून आशा धरली होती. त्यांनी दोन्ही केले नाही. दाराकडे वळून त्यांनी सुनेला हाक मारली. मग मला म्हणाले, "धाकटे गुरुजी, हे पुन्हा एकदा सांगा. माझा मुलगा आत आहे. त्याला इतकी वर्षं वाटत आलं, की बापानं शाळेचे पैसे खाल्ले म्हणून शाळा सोडावी लागली."

मुलगा बाहेर आला. पन्नाशीचा गृहस्थ, केस पांढरे झालेले. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले.